बदलीचं आमिष

"भाऊजी, हे तुम्ही केलंत?"

वहिनी टेबलासमोर उभ्या होत्या. हातातल्या मोबाइलवर लाल पान झळकत होतं: 'आपण फसलात. ही सुरक्षा चाचणी होती.'

कुलूपसाहेब चष्मा पुसू लागले. करखात्याचे संगणक राखणाऱ्या या माणसाला ऑफिसने हे नाव ठेवलं होतं आणि त्यांना ते मनातून आवडायचं. वहिनी म्हणजे थोरल्या भावाची बायको, याच ऑफिसात कारकून. नवरा आणि मुलगी दुसऱ्या गावी, त्या इथे भाड्याच्या खोलीत.

"चाचणी सगळ्यांचीच होती, वहिनी."

"आमिष मात्र माझं होतं."

खोटं नव्हतं. फुकट मोबाइल, लॉटरी असली फसवी पत्रं त्यांनी आधी धाडून पाहिली. एक मासा गळाला लागेल तर शपथ. वरच्या मॅडमनी भर बैठकीत विचारलं, "कुणी फसतच नाही, तर तुम्हाला पोसायचं कशाला?" तेव्हा त्यांना वहिनी आठवल्या. एकदा कुलूपसाहेबांच्या घरी जेवता जेवता म्हणाल्या होत्या, "बदलीच्या यादीत नुसतं नाव दिसू दे, पळत सुटेन." मथळा आयताच मिळाला: 'बदल्यांची यादी जाहीर. आपलं नाव पाहा.' निम्मं ऑफिस गळाला लागलं. मॅडमनी तिथल्या तिथे फर्मान सोडलं: फसलेल्यांच्या बदल्या यंदा बंद.

"फसलेल्यांतून माझं नाव काढा," वहिनी म्हणाल्या.

"चूक तुमची आहे. पत्र कुठून आलं ते आधी बघायचं असतं."

"बघितलं. आपल्याच खात्याचं नाव होतं. तेही तुम्हीच घातलंत ना?"

"नियम म्हणजे नियम. घरच्या माणसाला सूट दिली तर लोक माझ्या तोंडात शेण घालतील."

"घरचं माणूस! गळ टाकताना आठवलं नाही ते. मथळा वाचला आणि आधी तुमच्या दादांना फोन केला मी. आता तुम्हीच सांगा त्यांना." त्यांनी नंबर लावला आणि आवाज मोठा करून फोन टेबलावर ठेवला.

"दादा, मी बोलतोय."

"अरे, तुलाच फोन करणार होतो! पोरीनं आईसाठी कपाट रिकामं करायला घेतलंय. तू शब्द टाकलास ना वर? मला ठाऊक होतं. बोलत नाहीस, पण करतोस."

"नंतर करतो" एवढंच पुटपुटून कुलूपसाहेबांनी फोन बंद केला.

"रात्री सांगतो, वहिनी."

"राहू द्या. त्यांना मीच सांगेन."

दुपारी फसलेल्यांचा वर्ग होता, शिकवायला कुलूपसाहेबच. पडद्यावर पहिलंच चित्र त्या पत्राचं. मागच्या रांगेतून कुणीतरी खवचटपणे खोकलं. साहेब पुन्हा चष्मा पुसू लागले. वहिनी पहिल्या रांगेत ताठ बसल्या होत्या. त्यांनी वही उघडली, पेनाचं टोपण काढलं.

"हं, सुरू करा, साहेब," त्या म्हणाल्या.