रिंगणाबाहेरचं पिलू

सकाळी धक्क्यावरून होडी सुटली तेव्हा फाउस्तोने दोर सोडून आत फेकला. होडीवाल्या लिसार्दोकाकांनी तो झेलला, पण फाउस्तोकडे पाहिलं नाही. त्यांचाच पोटचा मुलगा. दोन वर्षांपूर्वी भांडून घराबाहेर काढला, तेव्हापासून हे असंच.

गालापागोसला पक्षी बघायला आलेल्या पाहुण्यांची मी वाटाडी. ज्वालामुखीच्या काळ्या खडकावर, उतरायच्या जागेशीच, निळ्या पायांच्या बूबी पक्ष्याचं घरटं होतं. घरटं म्हणजे नुसतं विष्ठेचं पांढरं रिंगण. थोरल्या पिलाने धाकट्याला टोचून टोचून बाहेर ढकललं होतं, आणि आई हातभर अंतरावर शांत बसली होती.

"अहो, उचलून आत ठेवा की," एक बाई रडवेल्या होऊन म्हणाल्या.

"हात लावायचा नाही. रिंगणाबाहेर गेलेलं पिलू तिच्या लेखी तिचं नसतं."

हे वाक्य मला रोज म्हणावं लागतं आणि रोज त्याची चीड येते. काका होडीतून ऐकत होते.

दुपारी परत निघालो तेव्हा पिलाने मान टाकली होती. इंजिन सुरू करता करता काका थांबले.

"ती खरंच ओळखत नाही, का तसं दाखवते?"

"खरंच ओळखत नाही, काका. दाखवणं तिला कुठलं जमायला?"

काकांनी इंजिन सुरू केलं आणि होडी धक्क्याला आणली. फाउस्तो हात पुढे करून उभा होता. काकांनी दोर उचलला, पहिल्यांदाच त्याच्याकडे नीट पाहिलं, आणि दोर माझ्या हातात दिला.

"तू टाक, पोरी. माझे हात थरथरतायत."