ओढा जिथं होता

चिखलात रुतलेला गमबूट ग्लेनिसनं दोन्ही हातांनी ओढून काढला आणि मान वर केली. समोर ओढा नव्हता.

तेहेतीस वर्षं जिथं तो वाहिला, तिथं भेगाळू लागलेल्या गाळाचा रुंद पट्टा पडला होता. ओढा तीनशे पावलं पूर्वेला जाऊन, जणू पहिल्यापासून आपण इथलेच अशा थाटात, संथ वाहत होता. तिच्या घराच्या पलीकडून. तिच्या चाळीस मॅकाडेमियाच्या झाडांच्याही पलीकडून.

"एका रात्रीत," मागून येत नेव्हिल म्हणाला. "त्या दिवशी सकाळी बघितलं आणि आपोआप टोपी काढली गेली."

"चर्चमध्ये कधी काढली नाहीस."

"तिथं असलं काही दाखवत नाहीत गं."

एवढं पाणी, आणि आवाज नाही.

घटस्फोटानंतर जमिनीच्या वाटणीवरून दोघं दोन वर्षं भांडले होते. कोर्टाच्या हुकुमात शेवटी एकच सोपी ओळ उतरली: ओढ्याच्या पूर्वेचं सगळं ग्लेनिसचं, पश्चिमेचं नेव्हिलचं. मोजणीदार यायचा होता. त्याच्याआधी पूर आला, आणि ग्लेनिसचं घर झाडांसकट पश्चिमेला गेलं. जागचं न हलता.

हा हुकूम आता अमलात आणता येण्यासारखा नाही, तो रद्द करून जुन्या ओढ्याच्या रेघेनं नवा मागू, असं वकीलबाई म्हणाल्या होत्या. नेव्हिलची संमती असेल तर काम लवकर होईल.

"आणि 'कागदाप्रमाणे घर माझंच' म्हणून तो अडून बसला तर?" ग्लेनिसनं विचारलं होतं. वकीलबाई टेबलावरचे कागद सारखे करत राहिल्या होत्या.

आता तिनं तो अर्ज पिशवीतून काढून पुढे केला. नेव्हिलनं हात लांब करकरून वाचला. चष्मा लावेल तर शपथ.

"पश्चिमेचं सगळं नेव्हिलचं," तो म्हणाला. "म्हणजे तुझी न्हाणीसुद्धा माझी झाली म्हणायची."

"नळ गळतोय तिथला. तोही घेऊन जा."

तो हसला नाही. "ग्लेन, तू घाबरत आलीस का इथं?"

ग्लेनिसनं बुटाचा चिखल गवताला पुसला. बराच वेळ पुसला.

गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून त्यानं सही केली. जोरात, जुन्या सवयीनं, खालच्या पानावर उमटेल अशी.

"मोजणीदार विचारेल, जुना ओढा नेमका कुठून जायचा," ती म्हणाली. "गाळात काय दाखवणार त्याला?"

"त्या चढावरून बघ. मी चहा ठेवतो तोवर."

चढावर पोचल्यावर ती थांबली. चढाआडच्या गाळाच्या पट्ट्यात खुंट्या ठोकलेल्या होत्या. दीडएकशे तरी. खुंटीपासून खुंटीला गवताचे भारे बांधायची निळी दोरी ताणलेली. त्या दोरीनं अख्खा ओढा जमिनीवर काढला होता: मुलगी पोहायला शिकली तो डोह, गाय अडकली होती ते वळण, बदकांची उथळ जागा. ग्लेनिस दोरीच्या कडेनं चालत गेली. कुठंतरी चुकला असेल म्हणून बघत गेली. वीतभरही चुकला नव्हता. ज्या रेघेनं दोघांना वेगळं केलं, ती त्याला अशी तोंडपाठ होती.

अंजिराच्या जुन्या झाडाशी मात्र दोरी वळली.

हे झाड पश्चिमेचं. वडासारखं पसरलेलं, सावलीला पन्नास माणसं बसतील एवढं. दोन वर्षांतले आठ महिने या एकट्या झाडावरून गेले होते, आणि ते नेव्हिलनं सोडलं नव्हतं. दोरी झाडाला मागून, पश्चिमेकडून, वळसा घालून परत आली होती. झाड ग्लेनिसकडे.

नेव्हिल चुकेल अशी ही जागा नव्हती.

ती खोडाला हात लावून उभी राहिली. मग झाडामागची खुंटी धरली. हातभर खोल ठोकली होती. पाय रोवून, दोन्ही हातांनी उपटावी लागली. ती घेऊन आधी झाडाच्या पूर्वेला गेली, मग पुन्हा पश्चिमेला. शेवटी सुटलेली दोरी गुंडाळून मुळाशी ठेवली, रेघ तिथं मोकळीच सोडली आणि खुंटी काखेत मारून नेव्हिलच्या घराकडे चालू लागली.

त्यानं खुंटीकडे पाहिलं. दोन कपांत चहा ओतला.

"सैल होती?"

"हो," ग्लेनिस म्हणाली, आणि सोललेले तळवे कपाभोवती धरले.