बारा ते दोनचा पहारा

"मामा, सही तेवढी इथं करा. पेन बी आनलाय," म्हणत सदाचार मंचाच्या महांतेशनं एक गुळगुळीत कागद रेवणप्पांच्या मांडीवर ठेवला.

रेवणप्पांनी चष्मा पुसला. वर आमदार आनंदराज यांचा फोटो होता, शोधून शोधून वाईट निवडलेला. तोंड अर्धवट उघडं, डोळे मिटलेले. त्याखाली 'सदाचार मंच, लातूर : लोकप्रतिनिधींचे निष्ठापत्रक'. दहा वर्षांतली दहा विधेयकं आणि प्रत्येकासमोर बरोबरची खूण नाहीतर फुली. फुल्या आठ. शंभरपैकी गुण वीस. तळाशी एक मोकळी रेघ आणि तिच्याखाली छापलेलं : 'साक्षीदार : श्री. रेवणप्पा, निवृत्त प्रतिवेदक, विधानसभा.'

"माझं नाव छापून बी टाकलाव?"

"तुमी कशाला न्हाई म्हनताव! एकतीस वर्सं तिथं बसून शब्दन् शब्द लिवलाव. सप्त्याच्या शेवटच्या दिशी कीर्तन झालं की मी हे माइकवर वाचनार. खाली तुमची सही असली की मग कुनी शक घ्यायचाच न्हाई."

रेवणप्पांचं बोट चौथ्या फुलीवर थांबलं. देवस्थान जमीन विधेयक. मठांच्या जमिनींवर सरकारी देखरेख आणणारं. आमदारांनी बाजूनं मत दिलं, असं तिथं छापलं होतं.

ती संध्याकाळ त्यांना लख्ख आठवत होती. प्रतिवेदकांची पाळी दहा-दहा मिनिटांची, आणि नेमकी ती दहा मिनिटं त्यांची होती. निम्मं सभागृह उभं, कागद उडतायत, घोषणा चाललेल्या. अध्यक्षांनी विचारलं, अनुकूल असतील त्यांनी होय म्हणावे. एक गलका उठला. प्रतिकूल असतील त्यांनी नाही म्हणावे. दुसरा गलका उठला. होयचं बहुमत, विधेयक संमत. कुणी शिरगणती मागितली नाही. रेवणप्पांनी वहीत एवढंच लिहिलं होतं : प्रस्ताव मतास टाकण्यात आला व संमत झाला. नाव एकाचंही नाही.

"महांतेश, हे आवाजी मतदान होतं. कोन काय म्हनलं ते कुटंच लिवलेलं न्हाई."

"मग ही फुली कशी काय आली?"

"ते फुली मारनाऱ्याला इचार."

"आमदार तिथं बसला होता का न्हवता?"

"होता."

"तोंड उघडलं का न्हाई?"

"समद्यांचीच तोंडं उघडी होती, बाबा. जत्रंत कोन्या पोरानं पिपाणी वाजिवली ते सांगता येतंय का?"

महांतेशनं पेनाला टोपण लावलं. सावकाश, टक् आवाज येईपर्यंत. "मामा, शपथ घ्यून सांगतो, तुमच्यावर माझा शक न्हवता. पन आता लोकांनी इचारलं, आमदारानं म्हाताऱ्याला काय दिलं, तर मी काय सांगू?"

तो गेला आणि घटकाभरात फोन वाजला. आमदारांचा स्वीय सहायक नरसिंग. निष्ठापत्रकाची बातमी त्याच्याकडे कशी पोचली, देव जाणे. "आप्पा, साहेब 'नाही'च म्हनले होते. तेवढं चार ओळीत लिवून द्या. तुमच्या शब्दाला मान हाय."

"तेबी मी ऐकलेलं न्हाई, नरसिंगराव."

पलीकडचा सूर बदलला. मग, "हाव. म्हंजी तुमी मंचाचे हाव तर." फोन बंद.

खरं तर आनंदराज हा माणूस रेवणप्पांना मनातून कधीच आवडला नव्हता. तो 'होय'च म्हणाला असणार, असं त्यांना आतून वाटायचंदेखील. पण वाटणं वेगळं, ऐकणं वेगळं. एकतीस वर्षं त्यांनी ऐकलेलंच लिहिलं होतं. त्या सगळ्या शब्दांनी कान किटले की ते संध्याकाळी मुंबईत कुठे ना कुठे कीर्तन गाठत. सभागृहातला एक शब्द सोडायचा नाही आणि कीर्तनातला एकही टिपायचा नाही, असा त्यांचा नेम. एक पोटासाठी, एक जिवासाठी. आणि वर्षातून एकदा, काहीही झालं तरी, जळकोटजवळच्या या गावी शिवनाम सप्त्याला यायचंच. निवृत्तीनंतर तर ते इथंच राहायला आले. बारा ते दोनचा वीणा पहारा त्यांच्या घराकडे होता. आधी वडलांकडे, मग त्यांच्याकडे. तो पहारा हीच त्यांची गावातली खरी इस्टेट.

दोन दिवसांत गावाची हवा फिरली. पंचाक्षरींच्या किराणा दुकानाच्या पायरीवर ते चढले की चाललेलं बोलणं थांबू लागलं. पंचाक्षरी सप्ता मंडळाचे अध्यक्ष. त्यांनी चहा मागवला तर रेवणप्पांच्या मनात आलं, आज चहा कशासाठी? नाही मागवला तर, आज का नाही? रोजचा रामराम कुणी आखडता घेतला, कुणी दोनदा केला, हे ते मोजू लागले आणि आपल्यालाच हा रोग लागला म्हणून चरफडले.

रात्री जेवताना गुरम्मानं भाकरी वाढता वाढता विचारलं, "आवो, खरं सांगा. कुनी काय दिलं तर न्हाई ना?"

"दिलं असतं तर तुला आधी वास आला असता."

ती हसली नाही. गावानं शंका घ्यावी ते एक, हिनं घ्यावी ते वेगळंच.

सप्त्याच्या पाचव्या दिवशी दुपारी बाराला ते मांडवात गेले. ओट्यावर गुरुलिंग म्हातारा वीणा घेऊन उभा होता. रेवणप्पा त्याच्या पाया पडले, वीणा गळ्यात घेतला, "ॐ नमः शिवाय" सुरू केलं. गावाची रीत अशी की सात दिवस वीणा खाली टेकवायचा नाही आणि नाम तुटू द्यायचं नाही. वीणा गळ्यात असेतो तोंडात नामाशिवाय दुसरा शब्द नाही. आणि घेणाऱ्यानं देणाऱ्याच्या पायावर डोकं ठेवायचं. मग देणारा सावकार असो, नाहीतर सालगडी.

दोन वाजले. दोन ते चार महांतेशच्या घरचा पहारा. महांतेश खांबाला टेकून बसला होता, हाताची घडी घालून.

"ऊठ की बाबा," पंचाक्षरी म्हणाले.

"अंग मोडून आलंय, काका."

"सकाळी तर मांडवाचे बांबू उचलत होतास."

महांतेशनं आवाज खाली आणला, पण तो ओट्यापर्यंत पोचलाच. "इकलेल्या मानसाच्या पाया पडायचं का मी? दुसऱ्या कुनाला सांगा."

पंचाक्षरींनी दुसऱ्या कुणाला सांगितलं. त्याचा गुडघा धरला होता. तिसऱ्याला एकाएकी म्हशीची आठवण झाली. स्वतः पंचाक्षरी दोनदा पुढे झाले, महांतेशच्या मित्रांकडे पाहून दोनदा मागे आले. अडीच वाजले. वरचा पत्रा तापला होता. रेवणप्पांना साखरेचा आजार, पायाला मुंग्या आलेल्या. नाम मात्र एका लयीत चाललेलं, आणि ते भोंग्यातून शिवारभर जात होतं.

तीनच्या सुमाराला बाहेर गाडी थांबली. आमदार आनंदराज. मागे नरसिंग, त्याच्या मागे फोटोवाला. मांडवात कुजबूज फिरली, "बगा, आला. सोडवायला आला."

आमदारानं एका नजरेत ओटा जोखला. चपला काढल्या आणि फोटोवाल्याला वाट देत तो वाकला. डोकं पायावर टेकवून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "लई उपकार झाले, आप्पा!"

रेवणप्पांना मागे सरकावंसं वाटलं. पण मागणारा पायावर असताना वीणा नाकारता येत नाही. त्यांनी तो आमदाराच्या गळ्यात घातला, आणि तोंड मोकळं होताच म्हणाले, "उपकार कशाचे, साहेब? तुमी होय म्हनलाव का नाही, मला ठाव न्हाई."

आनंदराज हसला. फोटोसाठी मान वळवलेली तशीच ठेवून पुटपुटला, "मला तरी कुटं याद हाय, आप्पा! समदे म्हनले आसतील ते म्हनलो आसंल."

माइक बाजूला होता. हे दोघांशिवाय कुणीच ऐकलं नाही. तेवढ्या दोन वाक्यांत नाम तुटत होतं, म्हणून रेवणप्पांनीच ते तिथल्या तिथे, हात जोडून, चालू ठेवलं.

दोन मिनिटं झाली. चार फोटो झाले. आमदारानं इकडे तिकडे पाहिलं. नरसिंगनं घड्याळ दाखवलं; भोकरला पाचचा कार्यक्रम होता, रस्ता लांबचा.

"कोन घ्यायलंय हो?" आमदारानं विचारलं.

कोणी हललं नाही. महांतेशनं खिशातून मोबाइल काढला आणि समोर धरला.

रेवणप्पांना सगळं समजत होतं. आमदार माझ्या पाया पडला, हे एक वेळ राजकारण म्हणून सुटलं असतं. पण मी त्याच्या पाया पडलो, तर त्या फोटोवर मरेपर्यंत उत्तर नाही. संध्याकाळपर्यंत तो लातूरला पोचेल. निष्ठापत्रकाच्या तळाशी सहीच्या जागी छापलाही जाईल.

आमदाराचा हात वीण्याच्या पट्ट्याकडे गेला होता. तो आता वीणा कुठेतरी टेकवणार, खांबाला, खुर्चीला, असं दिसू लागलं.

रेवणप्पा पुढे झाले. गुडघे एकेक करून टेकवले आणि कपाळ आनंदराजच्या पायावर ठेवलं. महांतेशच्या मोबाइलनं फोटो टिपला, फोटोवाल्याचा उजेड पडला. मांडवातून कुणीतरी हसलंही. त्यांनी वीणा गळ्यात घेतला, खांबाचा आधार न घेता उभे राहिले, आणि "ॐ नमः शिवाय" पुढे सुरू झालं.

गाडी गेली. माणसं जरा पांगली. साडेतीनच्या पुढे रेवणप्पांचा आवाज घोगरा झाला, मधूनच ओठ कोरडे पडून चिकटू लागले.

बायकांच्या बाजूनं गुरम्मा पाण्याचा तांब्या घेऊन उठली. ओट्यावर बाई चढत नाही, हे तिला माहीत होतं, आणि ओट्याखाली बसलेल्या पंचाक्षरींनाही. त्यांनी हात वर केला, मग तसाच खाली घेतला. गुरम्मानं ओट्यावर चढून आधी वाकून नवऱ्याच्या पायाला हात लावला. मग तांब्या त्यांच्या ओठाला धरला. ते पीत होते तेवढे चार-पाच घोट नाम तिनं म्हटलं, हळू, पहिल्यांदाच माइकजवळ उभं राहून.