गोरक्षची शेवटची चढाई

आमच्या ह्यांना जिल्ह्यात ओळखतात ते कबड्डीचे पंच म्हणून. मखमलाबादला आमचा मळा, कोबी आन् कोथिंबीर पिकते, पण ह्यांचं चित्त मळ्यात कधी नव्हतंच. कुठल्या गावाला स्पर्धा, कोणता पंच कुठल्या मैदानावर धाडायचा, ह्याच्या याद्या माझ्या चुलीपुढं व्हायच्या आन् येईल त्या पंचाला चहा मी करायचा. मी कुरकुर केली नाय. माणूस सरळ होता, लोक मान द्यायचे, मलाही बरं वाटायचं.

पंचांचा एक नेम होता. ज्या सामन्यात आपल्या रक्ताचं माणूस खेळतंय, त्यात शिट्टी घ्यायची नाय. हा नेम ह्यांनीच सगळ्यांना शिकवलेला.

शहाण्णव सालची गोष्ट. आमच्या गोरक्षचं कुमार गटातलं ते शेवटचं वर्ष. अंतिम सामन्यात जे दोन संघ जातील, त्यांच्यातूनच जिल्ह्याचा संघ निवडायचा असं ठरलं होतं. जिल्ह्यातून राज्याला खेळला की प्रमाणपत्र, आन् प्रमाणपत्र असलं की पोलीस भरतीत खेळाडूच्या जागेवर नंबर. दोन वर्षं पोरगं त्यासाठी पहाटे उठून गंगापूर धरणापर्यंत पळत होतं. त्याला मळ्यात राहायचं नव्हतं आन् मलाही त्याला ठेवायचं नव्हतं.

अंतिमच्या आधीचा सामना एकलहऱ्याच्या पोरांशी. दोन पंचांचं जमलं नाय तर ज्याचा शब्द शेवटचा, त्याला कबड्डीत सरपंच म्हणतात. ते नांदगावहून यायचे होते, त्यांची यष्टी वाटेत बंद पडली. एकलहऱ्याचेच लोक म्हणले, "सहादूभाऊ, तुम्हीच उभे राहा. तुमच्यावर आमचा भरोसा हाय."

मी बायांच्यात, रेघेला लागूनच बसले होते. तिथूनच मान हलवून नको नको म्हणलं. ह्यांनी बघितलं आन् शिट्टी गळ्यात घातली. भरोसा म्हणलं की हे विरघळलेच. ते मेलं कौतुकच आमच्या मुळावर आलं.

शेवटची चढाई राहिली तेव्हा गुण बरोबरीत होते. गोरक्ष गेला. कोपऱ्यातल्या गड्याला हात लावला आन् तिघांनी त्याला धरला. पोरगं खाली पडलं, तिघांना ओढत ओढत सरकलं, आन् तोंडानं कबड्डी, कबड्डी चालूच. माझ्यापासून चार हातांवर होतं ते. मी कानांनी ऐकलं. बोटं मधल्या रेघेला लागली तेव्हाही दम चालू होता. दोन पंचांपैकी लहानू पंचांनी आमच्या बाजूनं हात वर केला, समोरच्या पंचांनी एकलहऱ्याच्या बाजूनं. दोघांनी ह्यांच्याकडं बघितलं. ह्यांनी शिट्टी मारली आन् सांगितलं, दम गेला, गडी बाद.

झालं. आमचा संघ तिथंच संपला.

लोकांनी ह्यांना खांद्यावर घेतलं. शाल दिली, नारळ दिला. माईकवरून सांगितलं की पोटचा पोरगा असून ज्यानं त्याची बाजू घेतली नाय, त्याला पंच म्हणतात. आन् माझं पोरगं तिकडं मातीत बसून गुडघे झाडत होतं.

घरी आल्यावर मी दार लोटून घेतलं. म्हणलं, "अहो, खरं सांगा. दम ऐकू आला होता का नाय?"

ह्यांनी शाल काढून खुंटीला अडकवली. मग म्हणले, "आला होता. पण दिला असता तर गाव काय म्हणलं असतं? सहादूनं पोराला जिंकवलं."

कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ. तोंडावर म्हणले मी त्यांना. स्वतःचं नाव राखायला पोराचं वाटोळं केलं ह्या माणसानं, आन् वरून शाल पांघरून आला. त्या दिवशी मला त्यांची किळस आली. आजही येते.

दुसऱ्या दिवशी आम्ही मायलेकरं कोथिंबिरीच्या जुड्या बांधत होतो. गोरक्ष म्हणला, "आई, तू तर जवळच होतीस. गेला होता का गं माझा दम?"

काय सांगू? आपलेच दात, आपलेच ओठ. खरं सांगितलं असतं तर त्यानं बापाचं तोंड बघितलं नसतं. घरात माणसं तीन. मी म्हणलं, "गेला होता रे."

"मग नानांचं बरोबरच हाय," तो बापाबद्दल म्हणला. "मला वाटलं चालू होता. स्वतःचा दम गेल्याचं कळत नाय, त्यानं कशाला खेळायचं?"

त्यानंतर तो मैदानावर गेला नाय. ह्यांनीही एकदा म्हणलं नाय की जा. आता विंचूरला कांद्याच्या वखारीत हमालांवर मुकादम हाय. बापाला मात्र देवाच्या जागी मानतो.

परवा दिवाळीला सगळे जेवायला बसलो होतो. गोरक्षची सायली आठ वर्षांची, शाळेच्या कबड्डीत तिला घेतलंय. नाचत नाचत सांगत होती. गोरक्षनं तिला जवळ ओढलं, केसांवरून हात फिरवला आन् म्हणला, "नको बाई. दुसरं काहीतरी खेळ. आपल्या घरात कुणाला दम नाय. आजोबांना विचार, त्यांनीच माझा दम गेलेला पकडला होता."

पोरीनं आजोबांकडं बघितलं. मीही बघितलं. बारा वर्षांत पहिल्यांदा वाटलं, आता बोलतील.

ह्यांनी ताट पुढं सरकवलं आन् मला म्हणले, "भाजी वाढ."

मी वाढली.