दोषांची जाहीर यादी

आमच्या वधूवर सूचक मंडळाला प्रत्येक गोष्ट स्थळासारखी बघायची खोड आहे. मंडळाच्या खोलीसाठी पंखा घ्यायचा झाला तरी अध्यक्ष आत्मारामपंत आधी दुकानदाराचं गाव विचारतात, मग आडनाव, मग त्याच्या थोरल्या भावाचं काय चाललंय ते. पंखा वारा देतो का हे कोणीच विचारत नाही. त्यामुळे मंडळाच्या वेबसाइटसाठी लिनक्स कोणतं घ्यायचं हा विषय कार्यकारिणीपुढे येणार असं कळलं, तेव्हाच मी आर्याला म्हटलं, "चल, आज लिनक्सचा दाखवण्याचा कार्यक्रम आहे. पोहे तेवढे राहिले."

हे २००४ सालच्या फेब्रुवारीतलं. त्याआधी मंडळाची वेबसाइट कोणाच्या तरी ओळखीने, कोणाच्या तरी मशीनवर, फुकटात पडून होती. फुकटातली गोष्ट जशी वागते तशीच ती वागली. तुळशीची लग्नं लागली, लोक स्थळं बघायला बसले आणि साइट बंद पडली ती आठ दिवस उठली नाही. अमेरिकेतल्या मुलांचे आईबाप रत्नागिरीत फोन करकरून आत्मारामपंतांना बोलले. परक्याने बोलल्याशिवाय आमच्या मंडळाला जाग येत नाही. मग मुंबईच्या एका कंपनीकडे स्वतंत्र मशीन भाड्याने घ्यायचं ठरलं. कंपनीने फॉर्म पाठवला. त्यात लिनक्सच्या, म्हणजे मशीन चालवणाऱ्या प्रणालीच्या, पाच प्रकारांची नावं होती आणि पुढे चौकोन. मशीनवर कोणतं लिनक्स टाकून द्यायचं, तिथे खूण करा.

मी कॉलेजात वीस वर्षं कॉम्प्युटर शिकवते, म्हणून मंडळाची सल्लागार. सल्लागार म्हणजे जिचं ऐकून घेतात आणि मग आपल्याला हवं ते करतात, ती. आर्या माझी मुलगी. सव्वीस वर्षांची, बी.एस्सी. झालेली. मंडळाकडे येणारे फॉर्म साइटवर चढवायचं काम तिच्याकडे होतं.

त्या फॉर्मांत तिचाही एक होता. तो मी भरला होता. 'प्रकृती' या रकान्यात मी 'उत्तम' लिहिलं होतं. आर्याला अकराव्या वर्षापासून फिट यायची. शेवटची आली ती एकोणिसाव्या वर्षी. त्यानंतर सात वर्षं एकही नाही. रोज जेवणानंतर एक पांढरी गोळी घेते, बस्स. डॉक्टर म्हणतात, पोरगी ठणठणीत आहे. पण मला हे गाव माहीत आहे. इथे खरं लिहिणाऱ्याची मुलगी घरात राहते आणि वर लोक हळहळायला येतात. यमुनाबाईंनी तीस वर्षं मंडळाच्या वह्या ठेवल्या आहेत. त्या वह्यांत एकालाही साधा दमा नाही. कोणाला चष्मा असला तर तोही 'फक्त वाचनासाठी'. एवढी निरोगी माणसं रत्नागिरीत असताना इथले दवाखाने कोणाच्या जिवावर चालतात, कोण जाणे.

आर्या म्हणायची, "आई, सांगूया ना." मी म्हणायची, "साखरपुडा होऊ दे, मग बघू." महिनाअखेरच्या रविवारी पोफळीहून वरदच्या घरची मंडळी येणार होती. वरद तिथल्या वीजघरात इंजिनिअर. पत्रिका जमली होती, अठ्ठावीस गुण. दोघं दोनदा फोनवर बोलली होती. दुसऱ्या फोननंतर आर्या खिडकीशी जाऊन उभी राहिली आणि मग म्हणाली, "हसतो छान." मुलीच्या बाबतीत एवढं मला पुरे होतं. आता यात गोळीचं काढून विघ्न कशाला, असं मला वाटत होतं, आणि अगदी मनापासून वाटत होतं.

तर बैठक. मंडळाची खोली एका दवाखान्याच्या माडीवर. खालून डेटॉलचा वास येतो आणि वर सगळे 'प्रकृती उत्तम' बसलेले. अध्यक्ष आत्मारामपंत, निवृत्त हेडमास्तर. वहीवाल्या यमुनाबाई. आणि आत्मारामपंतांचा पुतण्या मुकुल, पुण्याला सहा महिन्यांचा कोर्स करून आलेला. पुण्याला जाऊन आलेला आमचा माणूस आधी गॉगल लावतो, मग मतं मांडतो.

मुकुलने कुठल्याशा मासिकाबरोबर फुकट आलेली सीडी काढली आणि आत्मारामपंतांच्या कॉम्प्युटरवर लावून दाखवली. पडद्यावर डोंगर, तळं, निळं आकाश. बटणावर बाण नेला की बटण उजळायचं.

"देखणं आहे हो," यमुनाबाई म्हणाल्या.

"लेटेस्ट आहे," मुकुल म्हणाला. "मागच्याच महिन्यात आलंय."

"मुकुल, हे मशीन मुंबईला एका कपाटात राहणार," मी म्हटलं. "त्याला पडदासुद्धा नसेल. तिथे तुझं तळं कोण बघायला जाणार?"

"पण काकू, नवीन ते नवीनच ना."

"नवीन म्हणजे ज्याची खोड अजून कोणाला कळलेली नाही असं. दर आठ दिवसांनी काही ना काही बदलत राहणार. आपल्याला हवंय ते वर्षभर गुपचूप उभं राहणारं."

आत्मारामपंतांनी घसा साफ केला. हेडमास्तर होते तेव्हाही ते असाच साफ करायचे, आणि पुढे काही महत्त्वाचं यायचं नाही. "आपण नामांकित घराण्यातलंच घ्यावं. रेड हॅट म्हणून आहे ना? कंपनी मोठी. नाव मोठं."

"त्यांनीच जाहीर केलंय, फुकटचं लिनक्स एप्रिलनंतर सांभाळणार नाही म्हणून. पुढचं विकत घ्यावं लागेल. घेणार का?"

विकत म्हटल्यावर घराणं एकदम लांबचं वाटायला लागलं. आत्मारामपंतांनी चहा मागवला.

"मग तुझं म्हणणं काय गो?" यमुनाबाईंनी विचारलं.

"डेबियन."

"कंपनी कुठली ती?"

"कंपनी नाही. जगभरातले हजारभर लोक मिळून बांधतात. कोणी पगारी नाही, कोणी मालक नाही."

"मालक नाही?" यमुनाबाईंनी चष्मा वर केला. "अगो, मग बोलणी करायची कोणाशी?"

सगळे हसले. मीही हसले, कारण एवढ्या वर्षांत त्या खोलीत विचारलेला हा एकमेव मुद्द्याचा प्रश्न होता.

"आणि वय?" आत्मारामपंत.

"आत्ताची आवृत्ती दीड वर्षापूर्वीची. तिच्यातलं सामान त्याहून जुनं."

"घोडनवरा म्हणा की!"

"असू दे. जुनं आहे म्हणूनच ते कुठे कुठे अडखळतं हे सगळ्यांना ठाऊक आहे. नवं काही त्यात घुसडत नाहीत, फक्त भोकं बुजवत राहतात."

आता मुकुलने हुकमाचं पान टाकलं. खुर्ची पुढे ओढून म्हणाला, "पण काकू, गेल्या नोव्हेंबरात त्यांच्याच मशीनमध्ये चोर शिरले होते. डेबियनच्या! मी वाचलंय. आणि हे म्हणे भरवशाचं!"

आत्मारामपंत आणि यमुनाबाईंनी माझ्याकडे असं बघितलं, जणू नवऱ्यामुलाला पहिली बायको असल्याचं मीच लपवलं होतं.

"खरं आहे," मी म्हटलं. "शिरले. तुला कुठून कळलं?"

"इंटरनेटवर."

"तिथे कोणी लिहिलं?"

त्याने खुर्ची मागे ओढली.

"त्यांनीच लिहिलं. कळलं त्याच्या दुसऱ्या दिवशी. कुठल्या मशीनमध्ये चोर शिरलाय, काय बंद ठेवलंय, सगळं जगासमोर मांडलं. कोणी विचारायला गेलं नव्हतं. आणि नुसतं तेवढंच नाही. यांच्याकडे दोषांची जाहीर यादी असते. कुठला भाग कुठे बिघडतो, कोणाला काय त्रास झाला, दुरुस्त झालं की नाही, कोणीही उघडून वाचावं."

"स्वतःचे दोष स्वतःच लिहून ठेवतात?" आत्मारामपंत खरोखरच हादरले. "मूर्ख आहेत की काय!"

मग मला चेव आला. वीस वर्षं मुलांसमोर बोलून माझी जीभ फळ्यासमोरच चालते. त्या दिवशी फळा नसतानाही चालली. मी म्हटलं, "मूर्ख ते नाहीत, आपण आहोत. पडणार नाही असं मशीन जगात नाही. जो म्हणतो माझ्यात दोषच नाही, तो एक तर खोटारडा, नाही तर त्याने कधी तपासलेलंच नाही. भरवसा ठेवायचा तो दोष सांगणाऱ्यावर. कारण पडल्यावर काय करायचं ते त्यालाच माहीत असतं. लपवणारा आपल्याला ऐन वेळी उघड्यावर टाकतो."

मला माझंच बोलणं आवडलं. आणि मग कोपऱ्यात कॉम्प्युटरशी बसलेली आर्या हळूच म्हणाली, "मग आपल्या फॉर्मवर पण असा एक रकाना ठेवूया का? दोषांचा?"

"छे छे!" आत्मारामपंत म्हणाले. "मंडळ बुडेल."

यमुनाबाईंना हसता हसता ठसका लागला. मुकुलही हसला. पण सगळ्यात आधी आणि सगळ्यात मोठ्याने मी हसले. "काहीतरीच काय!" असंही म्हणाले.

आर्या हसली नाही. तिने माझ्याकडे एकदा बघितलं आणि मान पडद्याकडे वळवली. तेव्हा मला थोडं टोचलं, नाही असं नाही. पण तेवढ्यात आत्मारामपंतांनी डेबियनपुढे खूण केली, आणि जिंकल्याच्या आनंदात मी ते टोचणं विसरून गेले. त्यांना माझं पटलं होतं असं नाही. डेबियन फुकट होतं आणि चहा थंड होत होता.

आठ दिवसांत मशीन तयार झालं. आर्याने सगळे फॉर्म एकेक तपासून नव्या जागी नेले. चारशेच्या वर होते. पाच-सहा दिवस ती त्यातच होती. साइट पळायला लागली. आत्मारामपंत येईल त्याला सांगायला लागले की डेबियन ही त्यांचीच निवड. मी ऐकून घेतलं. मला रविवारची तयारी होती.

शुक्रवारी जेवताना आर्या म्हणाली, "आई, माझा फॉर्म मी बदललाय."

"काय बदललंस?"

"प्रकृती. फिट, शेवटची सात वर्षांपूर्वी, रोज एक गोळी, डॉक्टरांचं नाव. आणि वरदना फोन करून सांगितलं, माझा फॉर्म पुन्हा एकदा वाचा."

माझ्या हातातला घास ताटात पडला. मी तिला काय काय बोलले ते लिहायची मला लाज वाटते. अक्कल काढली, शिक्षण काढलं, तिच्या गेलेल्या बापाला मध्ये ओढलं. ती ऐकत राहिली. शेवटी म्हणाली, "तिकडे त्या घरात मला कधी फिट आली असती तर त्यांनी काय केलं असतं, आई? कोणालाच काही माहीत नसताना?" मी म्हटलं, "आली नसती." ती म्हणाली, "असं कुठलं मशीन असतं का?"

शनिवारी सकाळी पोफळीहून फोन आला. वरदची आई. आवाज साखरेत घोळलेला. "अहो, आमच्या गुरुजींना पत्रिका पुन्हा दाखवली हो. जमत नाही म्हणतात. योग नसतो एकेकाचा."

मी "असं का, बरं बरं" म्हटलं. दुसरं काय म्हणणार? त्यांच्या जागी मी असते तर हेच वाक्य याच आवाजात बोलले असते. फोन ठेवला, पण राग कोणाचा आलाय हेच मला ठरवता येईना.

आर्या मागच्या पडवीत ओले काजूगर सोलत बसली होती. चिकाने बोटं भाजू नयेत म्हणून तेल लावून. तिने वर बघितलं.

"पत्रिका जमत नाही," मी म्हटलं.

"अठ्ठावीस गुण होते ना?"

"होते."

ती पुन्हा सोलायला लागली. दोन-तीन गर सोलले असतील, मग तेलकट हात तसेच मांडीवर ठेवून ती रडायला लागली. मोठ्याने नाही. त्या मुलाचं हसणं तिला आवडलं होतं, आणि त्याने स्वतः फोनसुद्धा केला नव्हता. मी तिच्याजवळ बसले. वीस वर्षं जगाला शहाणपण शिकवणारी मी, आणि त्या वेळी मला सुचलं ते हे, "ती ओळ मी काढून टाकते. दुसरी स्थळं येतील. मशीनचा पासवर्ड माझ्याकडे आहे, दोन मिनिटांचं काम."

तिने दंडाने डोळे पुसले.

"काढ," ती म्हणाली. "पण मग ते डेबियनही काढ. मुकुलचं ते तळ्याचं लाव."

मी तेलाची वाटी पुढे ओढली, बोटांना तेल लावलं आणि तिच्याबरोबर गर सोलायला लागले. ती ओळ अजून तिथेच आहे.