दाराशी एक खुर्ची

फ्रँचायझी दुकानांच्या संघटनेच्या सचिवबाईंनी दुकानदाराकडून एकच वाक्य घोकून घेतलं होतं, "पाटी कंपनीची असली, तरी दुकानाचा मालक मीच." दुकानाचा कारभार खरं तर कंपनीच चालवते असं धरून नव्या कायद्यात दुकानातल्या नोकरांची जबाबदारी थेट कंपनीवर पडणार होती. ते कलम गाळून घ्यायला बाई सहा महिने सरकारी कचेरीचे उंबरठे झिजवत होत्या. दुकानदार भलताच सरळ माणूस, त्याचीच बाईंना धास्ती होती.

पण पठ्ठ्याने कचेरीत, मसुदा करणाऱ्या अधिकाऱ्यांसमोर वाक्य ठणकावून म्हटलं. अधिकाऱ्यांनी मान डोलावली आणि मसुद्यातल्या त्या कलमावर पेन्सिलीने काट मारली. बाईंचा जीव भांड्यात पडला.

दोघं उठली, तसं अधिकारी सहज म्हणाले, "माझी आई तुमच्याच दुकानात येते हो. रांगेत तिचे पाय भरून येतात. दाराशी एक खुर्ची ठेवाल का?"

"ठेवतो की साहेब!" दुकानदार अगदी मनापासून म्हणाला. "आजच कंपनीला विचारतो. परवानगी आली की लगेच ठेवतो."

बाईंनी डोळे मिटले. उघडले तेव्हा अधिकारी टेबलाच्या खणात खोडरबर शोधत होते.