बिडाचा शिक्का आणि ओडिलची परीक्षा

मित्रांनो, या जगात खरं काय आणि खोटं काय, हे एके काळी मी ठरवत असे. माझ्या जबड्यातून गेलेला कागद तेवढा खरा. बाकी सगळी मासे गुंडाळायची रद्दी. सध्या मी कोळंबीच्या दुकानात फळीवर बसतो, पंख्याच्या वाऱ्याने हिशेबाची पानं उडू देत नाही, आणि हिवाळ्यात लोक माझ्यात पिकॅन, म्हणजे अक्रोडाचे भाऊबंद, फोडतात.

मी एक जुना शिक्का आहे. शाईचा नव्हे. शाईचे शिक्के रबराचे असतात आणि रबराला कणा नसतो. मी बिडाचा आहे. माझ्या जबड्यात कागद ठेवून दांडा दाबला की कागदावर गोल उठाव येतो आणि त्यात नाव वाचता येतं : आल्सीड नाकां, नोटरी, लुईझियाना.

ओतशाळेतून मी थेट आल्सीडच्या टेबलावर आलो. आमच्याकडे नोटरी म्हणजे अर्धा वकील. बोटींची विक्री, जमिनींची वाटणी, मृत्युपत्रं, सगळं आल्सीड लिहायचा. बायूच्या, म्हणजे आमच्या संथ खाडीच्या, काठचे कोळी सही झाल्यावर माझ्या उठावावरून अंगठा फिरवायचे आणि म्हणायचे, "हां, आता झालं." इतकं कौतुक कुठल्या बंदुकीचंही झालं नसेल.

मग एका गुड फ्रायडेला पोटभर क्रॉफिश, म्हणजे चिखलातले झिंगे, खाऊन आल्सीड आरामखुर्चीत टेकला, तो पुन्हा उठला नाही. शिक्क्याचं आयुष्य नोटरीएवढंच असतं, हे मला तेव्हा कळलं. पिकॅनची सुरुवात तिथून झाली.

आल्सीडची पुतणी ओडिल हे दुकान चालवते. बर्फ, आमिष, कोळंबी आणि चुकलेल्या माणसांना रस्ता, हा तिचा धंदा. एक दिवस तिने नोटरीच्या परीक्षेचं जाडजूड पुस्तक आणलं आणि ते उघडं राहावं म्हणून मला त्यावर ठेवलं. कारण होतं टांट झोई.

टांट म्हणजे मावशी, काकू, आत्या, सगळंच. झोई सगळ्या काठाची टांट. स्वतःचं मूल नाही. नवऱ्याच्या पहिल्या बायकोचा मुलगा विल्मर, त्याला चालताही येत नव्हतं तेव्हापासून तिनेच वाढवला. आता तिचे डोळे जवळजवळ गेलेत आणि विल्मर तिला हाताला धरून चालवतो. तिला आपलं घर विल्मरला द्यायचं होतं. मृत्युपत्र झालं नाही, तर कायद्याने ते जाणार होतं टेक्सासच्या भाचीला.

शहरातला वकील तिने एकदा पाहिला होता. तो सगळं विल्मरला सांगत राहिला आणि तिच्याकडे बघून नुसता ओरडला.

"मी आंधळी आहे, बहिरी नाही," टांट दुकानात येऊन म्हणाली. "पोरी, माझे कागद नाकांच्या घरातच व्हायचे. तू परीक्षा दे. मी थांबते. पण माझं हृदय तुझ्या परीक्षा मंडळाला विचारून थांबणार नाही, तेवढं लक्षात ठेव."

दुपारी होड्या पाण्यावर असल्या की अभ्यास चाले. विल्मर जाळं विणता विणता सरावाचे प्रश्न वाचून दाखवायचा.

"एक विधवा. मूल नाही, मृत्युपत्र नाही. मागे एक सावत्र मुलगा, तिनेच वाढवलेला, आणि एक सख्खी भाची. घर कुणाला?"

"विधवेचं नाव काय?"

"नाव नाही गं. 'अ' आहे."

"'अ'ला मी ओळखत नाही, पण त्या भाचीला ओळखते. मयताला येईल ती, मोजपट्टी घेऊन."

"ओडिल, उत्तर दे."

"सावत्र मुलाला."

"चूक."

"चूक कशी? 'अ'ला ताप आला की दवाखान्यात कोण नेतं?"

"पुस्तकात ताप नाहीये."

पुस्तकात खरंच ताप नव्हता. मी त्याच पानावर बसलो होतो.

ओडिल बुद्धीने कमी नव्हती, मित्रांनो. पण आमच्या काठावर जो वाढवतो त्याचं मूल, आणि कायद्यात जो जन्म देतो त्याचं. परीक्षेत हा प्रश्न वेगवेगळे कपडे घालून येई, आणि ओडिल दर वेळी त्याला ओळखून घर सावत्र मुलाच्या पदरात टाकून येई. त्यापायी ती दोनदा नापास झाली. बर्फ न्यायला येणारे विचारू लागले, "काय नोटरीणबाई, कोळंबी ताजी आहे, असं शपथेवर लिहून देता का?" ओडिल हसे. ते गेले की बर्फावर फावडं जरा जास्तच जोरात चाले.

याच दिवसांत माझ्यावरही आघात झाला. विल्मरने पान उलटलं आणि वाचलं, "आपल्या राज्यात नोटरीला शिक्क्याची सक्ती नाही. सही पुरेशी आहे."

म्हणजे आल्सीडच्या इतक्या वर्षांच्या कामात माझी गरजच नव्हती! त्या दिवशी मला पिकॅन फोडतानाही कसंसं झालं.

तिसऱ्या खेपेच्या आधी टांट पायरीवर धाप लागून बसली आणि तिला उचलून आत आणावं लागलं. परीक्षेहून ओडिलचा ट्रक परत आला तेव्हा ती खाली उतरेना. मला दारातून दिसत होतं. विल्मर खिडकीशी गेला.

"आला का तो प्रश्न?"

"आला."

"मग?"

"भाचीला दिलं घर. तुझं घर विल्मर, मी माझ्या हाताने त्या बाईला देऊन आले."

"शाबास! बरोबर उत्तर."

"शाबास म्हणू नकोस रे, मेल्या," म्हणत ओडिल रडायलाच लागली.

ती पास झाली. नेमणुकीचा कागद हातात आला त्याच दिवशी मृत्युपत्र लिहायला बसली. पण कुणाला वाईट वाटू नये म्हणून टांटने काठावरच्या प्रत्येक घराला काहीतरी ठेवलं होतं. कुणाला गम्बोच्या रश्शाचं पातेलं, कुणाला कोंबडा. आणि ज्याला मिळणार आहे त्याला साक्षीदार करू नये, हे ओडिल आता शिकली होती. शेवटी टपालवाली आणि बर्फाचा ट्रकवाला, दोघं बाहेरगावचे, त्यांना बसवून घेतलं. टांटला वाचता येत नाही म्हणून अक्षर न् अक्षर मोठ्याने वाचलं गेलं, दोघं बोट ठेवून प्रत ताडत राहिले. कोंबड्याच्या कलमाला ट्रकवाल्याला हसू आलं, तेव्हा ओडिलने ते कलम पुन्हा पहिल्यापासून वाचलं. सह्या झाल्या. टांटने हात पुढे केला.

"शिक्का?"

"लागत नाही, टांट. सही पुरे."

"कायद्याला पुरे असेल. मला हाताला लागलं पाहिजे."

ओडिलने मला उचललं. माझा जबडा मृत्युपत्राच्या कडेशी आला. आणि ती थांबली. माझ्या दातांवर नाव होतं मेलेल्या नोटरीचं. टांटला ते दिसणार नव्हतं. टेक्सासला मात्र दिसलं असतं.

"टांट, यावर काकाचं नाव आहे. मृत्युपत्रावर हा उठवला तर उद्या विल्मरला कोर्टात उभं करतील. तुझ्या कागदावर फक्त माझी सही असेल. ती तुला दिसणार नाही. तुला माझ्या शब्दावर विश्वास ठेवावा लागेल."

टांटने पुढे केलेला हात मागे घेतला नाही. मग ओडिलने कोळंबी गुंडाळायच्या कागदाचा तुकडा फाडला, माझ्या जबड्यात घातला आणि दांडा दाबला. "हा फक्त तुझ्या बोटांसाठी. याला काडीची किंमत नाही."

टांटने उठावावरून अंगठा फिरवला. "याला कोळंबीचा वास येतोय," ती म्हणाली. मग म्हणाली, "आल्सीडलाही यायचा. हां, आता झालं."

वादळांचा मोसम संपायच्या आत टांट गेली. भाची आली, मोजपट्टीसकट. तिच्या वकिलाने मृत्युपत्र उजेडात धरून, उलटंसुलटं करून पाहिलं आणि परत दिलं. विल्मर आजही त्याच घरात राहतो. तो कोळंबीचा कागद टांटच्या बोटांतून कुणी सोडवला नाही. माझा शेवटचा कागद जमिनीखाली आहे, आणि माझ्या सगळ्या कागदांत तोच सर्वांत खरा होता.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, त्यांना तेलपाणी करा, असं मी म्हणणार होतो. पण तुम्हाला शाळा आहे, अभ्यास आहे. कधी इकडून गेलात तर एवढंच करा : माझ्या डाव्या दाताखाली पिकॅनचं टरफल अडकलंय, ते काडीने काढून द्या.